मधल्या फळींतला माणूस : अब्बास सुआन

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव होतें आणि गोल अडविणाऱ्याचेंहि नांव होतें. परंतु या दोघांच्या मधें जो सारखा धांवत असतो त्याची आठवण बहुधा कोणास राहत नाहीं. मधल्या फळींतल्या खेळाडूचें काम असें आहे कीं तें नीट पार पडलें तर डोळ्यांत भरत नाहीं, आणि बिघडलें म्हणजे मात्र साऱ्या संघाचा तोल गेलेला दिसतो. मागच्या फळीनें संकटांतून सोडविलेला चेंडू त्यानें घ्यावयाचा, प्रतिपक्षाचे दोघे-तिघे अंगावर येत असतां तो सांभाळावयाचा, आणि वाट सांपडतांच पुढच्या फळीच्या पायांशीं पोंचता करावयाचा. मैदानाच्या दोन्ही अर्धांशीं त्याचें नातें असतें. पण कोणताहि अर्ध सर्वस्वीं त्याचा नसतो.

इस्रायलच्या राष्ट्रीय संघांतून खेळलेला अब्बास सुआन हा असा मधल्या फळींतला खेळाडू होता. पण त्याच्या बाबतींत हें वर्णन मैदानापुरतें राहिलें नाहीं. तो इस्रायलचा नागरिक होता आणि अरबहि होता. आपला देश आणि आपले लोक हीं दोन एकमेकांसमोर उभीं ठाकलीं असतां, त्या दोहोंच्या मधें चेंडू घेऊन धांवण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. त्याच्या कारकीर्दींत डोळे दिपविणारे आंकडे नाहींत. राष्ट्रीय संघांतून तो दहा-बारा सामने खेळला. युरोपांतल्या श्रीमंत संघांनीं त्याच्यासाठीं आपल्या थैल्या मोकळ्या केल्या नाहींत. तथापि २६ मार्च २००५ या दिवशीं त्यानें मारलेल्या एका चेंडूनें साऱ्या देशाला कांहीं दिवस स्वत:कडे पाहावयास लावलें. तो चेंडू कोठून निघाला हें समजण्यासाठीं सुआनच्या गांवापासून आरंभ केला पाहिजे.

साख्नीन हें गांव इस्रायलच्या उत्तरेस गॅलिलीच्या डोंगराळ मुलखांत वसलेलें आहे. भोंवतीं ऑलिव्हचे मळे, वस्ती बहुतांशीं मुसलमान, कांहीं घरें ख्रिस्ती. १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें तेव्हांच्या युद्धांत लाखों पॅलेस्टिनी अरब देशोधडीला लागले. जे नव्या राज्याच्या सीमेच्या आंत राहिले त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. त्यांना नागरिकत्व मिळालें, मताचा हक्कहि मिळाला. परंतु १९६६ सालापर्यंत त्यांच्या गांवांवर लष्करी अंमल राहिला, आणि एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावयाचें तरी परवाना काढावा लागे. पुढें अंमल उठला आणि वस्ती वाढली. आज हे अरब नागरिक इस्रायलच्या लोकसंख्येचा सुमारें पांचवा हिस्सा आहेत. मतपेटी तीच, न्यायालय तेंच, नाणेंहि तेंच; परंतु राज्याच्या ध्वजावर दाविदाची तारका, आणि राष्ट्रगीतांत ज्यू हृदयाची झायनविषयींची ओढ. ज्याचें हृदय ज्यू नाहीं त्यानें तें गीत कोणत्या तोंडानें म्हणावें, हा प्रश्न त्या लोकांपुढें तेव्हांपासून उभा आहे, आणि त्याला अद्याप कोणी सर्वमान्य उत्तर दिलेलें नाहीं.

सुआनचा जन्म १९७६ च्या जानेवारींतला. तो तान्हा असतांनाच त्याच्या गांवाचें नांव साऱ्या अरब जगांत दुमदुमलें, आणि तें खेळामुळें नव्हे. गॅलिलींतली हजारों एकर जमीन सरकारजमा करण्याचा बेत जाहीर झाला होता. तिच्यांत साख्नीन आणि शेजारच्या अर्राबा व देर हन्ना या गांवांच्या जमिनीहि होत्या. शेतकऱ्याची जमीन गेली म्हणजे नुसतें उत्पन्न जात नाहीं, घराण्याचा पायाच जातो. हें कोणत्याहि देशांतल्या कुणब्यास सांगावयास नको. ३० मार्च १९७६ रोजीं अरब गांवांनीं संप पुकारला. सैन्य व पोलीस यांच्याशीं चकमकी झाल्या आणि सहा माणसें प्राणास मुकलीं; त्यांपैकीं तिघें साख्नीनचीं होतीं. तेव्हांपासून ३० मार्च हा दिवस ‘भूमिदिन’ म्हणून पाळला जातो. साख्नीनच्या स्मशानभूमींत त्या दिवसाचें जें स्मारक आहे तें १९७८ सालचें असून तें दोन कलावंतांनीं मिळून घडविलें : एक अबेद अब्दी हा अरब, आणि दुसरा गेर्शन क्निस्पेल हा ज्यू. सुआन दोन महिन्यांचा असतांना जो दिवस त्याच्या गांवावर ओढवला, तोच दिवस एकोणतीस वर्षांनीं त्याच्या आयुष्यांत एका निराळ्याच वेषानें परत आला.

इस्रायलांत अरब खेळाडूंना फुटबॉलचीं दारें इतर दारांच्या मानानें लवकर उघडलीं. याफाचा रिफात तुर्क हा राष्ट्रीय संघांतून खेळणारा पहिला अरब. तोहि मधल्या फळींतलाच. १९७६ सालीं, म्हणजे भूमिदिनाच्याच वर्षीं, त्यानें राष्ट्रीय संघाचा पोषाख अंगावर चढविला. प्रेक्षकांच्या शिव्या खातच तो खेळला, आणि पुढें तेल अव्हीव शहराचा उपनगराध्यक्ष झाला. पण तुर्क व त्याच्यामागून आलेले खेळाडू हे मोठमोठ्या ज्यू संघांतले एकटे-दुकटे अरब होते. अरब गांवाचा स्वत:चा संघ पहिल्या वर्गांत यावयास १९९६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं तय्यिबे या गांवाचा संघ वर चढला, आणि एकच हंगाम टिकून खालीं गेला. २००३ सालीं नाझरेथचा एक संघ व साख्नीनचा ‘ब्नेई साख्नीन’, म्हणजे ‘साख्नीनचे पुत्र’, असे दोन अरब संघ एकाच वेळीं वरच्या वर्गांत आले.

हा साख्नीनचा संघ गरीब होता. पहिल्या वर्गास शोभेल असें मैदानहि गांवांत नव्हतें. त्यामुळें ज्यांना ‘घरचे’ सामने म्हणावयाचे तेहि परगांवीं खेळावे लागत. तीन वर्षांपूर्वींच, २००० सालच्या ऑक्टोबरांत, अरब गांवांतून पुन: दंगल उसळून पोलिसांच्या गोळ्यांनीं तेरा माणसें मेलीं होतीं, आणि त्यांत दोघे साख्नीनचे तरुण होते. असें असतां या संघाची घडण पाहण्यासारखी होती. त्यांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते, आणि परदेशांतून आणलेले गडीहि होते. शिकविणारा एयाल लखमन हा ज्यू. आणि कप्तान अब्बास सुआन, गांवच्याच संघांत लहानाचा मोठा झालेला. त्याचा खेळ दिखाऊ नव्हता. चेंडू हिसकावून घेणें, जवळच्या सोबत्याला तो बिनचूक देणें, प्रतिपक्षाचा हल्ला वाढण्यापूर्वींच त्याचा जोर मोडणें, आणि प्रसंग पडल्यास दुरून एक सणसणीत फटका मारणें, एवढें त्याचें भांडवल. पण संघ अडचणींत आला म्हणजे सोबती ज्याच्याकडे पाहतात, अशा जातीचा तो खेळाडू होता.

१८ मे २००४ रोजीं रामत गन येथील राष्ट्रीय क्रीडांगणावर राज्यचषकाचा अंतिम सामना झाला. साख्नीननें हैफाच्या हापोएल संघाचा चार विरुद्ध एक असा पराभव केला आणि सुआननें चषक उचलला. अरब गांवाच्या संघानें हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या विजयाबरोबर आणखी एक मान आपोआप पदरीं पडला : चषक जिंकणाऱ्या संघानें युरोपांतील स्पर्धेंत इस्रायलच्या वतीनें उतरावयाचें असतें. त्याच वर्षीं साख्नीननें अल्बानियाच्या पार्तिझानी संघाला हरविलें, आणि पुढच्या फेरींत त्याची गांठ इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडशीं पडली. न्यूकॅसल येथें दोन विरुद्ध शून्य, आणि रामत गन येथें पांच विरुद्ध एक, असे दोन्ही सामने साख्नीन हरलें. हार मोठी होती; पण पंचवीस हजार वस्तीच्या त्या गांवाचे पुत्र इस्रायलचे प्रतिनिधि म्हणून इंग्लंडच्या मैदानावर उभे राहिले ही गोष्ट कोणत्याहि आंकड्यानें पुसली जाणारी नव्हती.

याच सुमारास राष्ट्रीय संघाचा शिक्षक अव्राम ग्रांट यानें सुआनला आपल्या संघांत घेतलें. येथून त्याची खरी परीक्षा सुरू झाली. सामन्यापूर्वीं राष्ट्रगीत वाजूं लागलें म्हणजे सोबत्यांच्या रांगेंत तोहि अदबीनें उभा राही. पण त्याचे ओठ हलत नसत. कित्येक ज्यूंना हें खटके : ज्या देशाचा पोषाख घालतोस त्याचें गीत कां म्हणत नाहींस? आणि कित्येक अरबांनाहि खटके, पण उलट कारणासाठीं : ज्या राज्यानें आपली जमीन घेतली त्याचा पोषाख घालतोसच कां? सुआननें दोघांपैकीं कोणाचेंहि समाधान होईल असें कांहीं केलें नाहीं. तो पोषाख घालीत राहिला आणि गीताच्या वेळीं गप्प राहत राहिला. गीत म्हणणें हें त्याच्या दृष्टीनें खोटें झालें असतें, आणि संघ सोडणें हें आपल्याच नागरिकत्वावर पाणी सोडण्यासारखें झालें असतें. या दोन्ही गोष्टी टाळून जी अरुंद पायवाट उरत होती तिच्यावरून तो चालला.

२००५ च्या फेब्रुवारींत जेरुसलेमच्या टेडी क्रीडांगणावर इस्रायलचा क्रोएशियाशीं मैत्रीचा सामना झाला. हें क्रीडांगण म्हणजे बेतार जेरुसलेम या संघाचें घर. या संघानें तोंपर्यंतच्या आपल्या साऱ्या इतिहासांत एकहि अरब खेळाडू घेतलेला नव्हता, आणि त्याच्या कडव्या पाठिराख्यांचा अरबद्वेष सर्वश्रुत होता. सुआन मैदानावर आला, आणि चेंडू त्याच्या पायाशीं गेला कीं प्रेक्षकांतून हुर्यो उठूं लागली. प्रतिपक्षाच्या नव्हे, आपल्याच देशाच्या प्रेक्षकांतून. फुटबॉलपटूला परक्या मैदानावर शिव्या ऐकण्याची संवय असते. पण ज्यांच्यासाठीं तो धांवत आहे त्यांनींच प्रत्येक स्पर्शाला ओरडावें हा अनुभव विरळा. इतक्यावर खेळाडूचे पाय जड व्हावयाचे, नाहींतर डोकें तापावयाचें. सुआनचें तसें कांहीं झालें नाहीं, हें पुढच्याच महिन्यांत दिसून आलें.

इस्रायलच्या दृष्टीनें तो काळ मोठ्या आशेचा होता. जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरींत इस्रायल एकदांच, १९७० सालीं मेक्सिकोंत, खेळलें होतें. पुढें १९७४ सालीं अरब व इतर राष्ट्रांच्या विरोधामुळें आशियाच्या संघटनेंतून त्याला बाहेर पडावें लागलें. कित्येक वर्षें हा संघ कधीं एका खंडाच्या तर कधीं दुसऱ्या खंडाच्या गटांतून खेळत राहिला, आणि १९९४ सालीं त्याला युरोपच्या संघटनेचें सभासदत्व मिळालें. २००६ च्या जागतिक स्पर्धेसाठीं जे गट पडले त्यांत इस्रायलच्या वांट्यास फ्रान्स, स्वित्झर्लंड, आयर्लंड, सायप्रस आणि फॅरो बेटें असे संघ आले. पस्तीस वर्षांचा वनवास संपविण्याची संधि समोर दिसत होती, आणि त्यासाठीं मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत रामत गन येथें लागोपाठ दोन सामने व्हावयाचे होते : आयर्लंडशीं आणि फ्रान्सशीं.

२६ मार्च २००५ च्या शनिवारीं आयर्लंडचा सामना झाला. क्रीडांगण भरून गेलें होतें. चौथ्याच मिनिटास आयर्लंडच्या क्लिंटन मॉरिसननें गोल केला आणि सारें मैदान थंड पडलें. त्यानंतर इस्रायलनें हल्ल्यामागून हल्ले केले. पण आयर्लंडची मागची फळी भक्कम, आणि गोलांत शे गिव्हनसारखा कसलेला रक्षक. मध्यंतर झालें, उत्तरार्ध सुरू झाला, मिनिटें सरूं लागलीं. शेवटचें मिनिट आलें. कित्येक प्रेक्षक उठून दाराकडे वळलेहि असतील. इतक्यांत गोलापासून बऱ्याच अंतरावर चेंडू सुआनच्या पायाशीं आला. पुढें देण्यास वेळ उरला नव्हता. त्यानें तेथूनच फटका मारला आणि चेंडू गिव्हनला चुकवून जाळींत गेला. एक विरुद्ध एक! त्याच मैदानावर दहा महिन्यांपूर्वीं ज्या हातांनीं साख्नीनसाठीं चषक उचलला होता, तोच गडी आतां साऱ्या देशाच्या गळ्यांतला ताईत झाला. ज्या लोकांनीं त्याचें नांव कधीं धड उच्चारलें नव्हतें तेहि तें ओरडूं लागले.

चार दिवसांनीं फ्रान्सशीं सामना. तारीख ३० मार्च : भूमिदिन. गॅलिलींतल्या गांवांत हुतात्म्यांच्या स्मरणार्थ मिरवणुकी निघाल्या त्याच दिवशीं रामत गन येथें हा सामना झाला. पुन: इस्रायल पिछाडीवर पडलें, उत्तरार्धाच्या आरंभींच फ्रान्सनें गोल केला. आणि पुन: शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी झाली. ती साधणारा होता वालिद बदिर, तोहि अरब, तोहि मधल्या फळींतला खेळाडू. बदिर हा काफ्र कासिम गांवचा. १९५६ च्या ऑक्टोबरांत संचारबंदीची खबर नसलेले सुमारें पन्नास गांवकरी शेतांतून परत येतांना सीमा-पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले, तें हें गांव. आणि त्या मृतांत बदिरचा आजाहि होता. म्हणजे चार दिवसांच्या आंत देशाची अब्रू दोनदां वांचली, आणि दोन्ही वेळां ती वांचविणारे पाय अशा गांवांतून आले होते कीं ज्यांचीं नांवें त्या देशाच्या इतिहासांत रक्तानें लिहिलेलीं आहेत. कोणा नाटककारानें अशी तारीख आणि अशीं माणसें जुळविलीं असतीं तर टीकाकारांनीं त्याला कृत्रिमतेचा दोष दिला असता.

त्या आठवड्यांत इस्रायलांत जो उत्साह पसरला त्याची एक खूण म्हणजे एका जुन्या घोषणेची झालेली गंमत. ‘अरब नाहींत तर हल्ले नाहींत’ असें कडवे लोक ओरडत असत; तीच घोषणा फिरवून लोक म्हणूं लागले, ‘अरब नाहींत तर गोल नाहींत.’ हंसें झालें, आणि हंशानें द्वेषाची धार कांहीं काळ बोथटहि झाली. पण दुसरी खूणहि लवकरच दिसली. बेतार जेरुसलेमच्या पाठिराख्यांनीं क्रीडांगणांत एक फलक फडकविला. त्यावर लिहिलें होतें, ‘सुआन, तूं आमचा प्रतिनिधि नाहींस.’ देशासाठीं गोल केल्याला फार दिवस झालेले नव्हते.

या दोन्ही खुणा एकमेकींच्या विरुद्ध दिसतात. एक डोक्यावर घेऊन नाचते, दुसरी दाराबाहेर उभें करते. परंतु नीट पाहिलें तर दोहोंच्या बुडाशीं एकच समजूत आहे : अरबाचें नागरिकत्व ही सिद्ध करून दाखविण्याची गोष्ट आहे, अशी ती समजूत. सुआननें गोल केला म्हणून तो आपला, असें म्हणणारा माणूस भला खरा. पण चेंडू खांबावर आपटून परत आला असता तर काय? मागच्या फळींतल्या ज्यू खेळाडूच्या चुकीनें गोल चढला तर त्याला लोक वाईट खेळाडू म्हणतात. त्याचें नागरिकत्व कोणी उकरून काढीत नाहीं. सुआनला मात्र नुसता वाईट खेळाडू होण्याचीहि सोय नव्हती. खेळ चांगला झाला तर तो सलोख्याचा पुतळा, आणि वाईट झाला तर परका. मैदानावरचे नव्वद मिनिटांचे श्रम सर्वांनाच सारखे. पण हें वरचें ओझें त्याला एकट्यालाच वाहावें लागे.

तमीर सोरेक या समाजशास्त्रज्ञानें इस्रायलांतील अरब फुटबॉलचा अभ्यास करून २००७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा एक निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. अरबांचें काव्य, त्यांची वृत्तपत्रें, त्यांच्या सभा यांतून पॅलेस्टिनी राष्ट्रभावना उघडपणें व्यक्त होते. पण फुटबॉलच्या मैदानावर ती बहुधा दाराबाहेर ठेवली जाते. मैदान ही त्यांच्या दृष्टीनें अशी एक जागा असते कीं जेथें नियम सर्वांना सारखे, पंच एकच, आणि गोल मोजतांना कोणी धर्म विचारीत नाहीं. बाहेर जी बरोबरी मिळत नाहीं ती आंत निदान नव्वद मिनिटें तरी मिळते. याचा दुसरा अर्थ असाहि होतो कीं आंतली बरोबरी पाहून बाहेरची विषमता विसरणें सर्वांनाच सोयीचें जातें. सुआनच्या गोलानंतर साख्नीनची जमीन परत आली नाहीं, वा तेथल्या रस्त्यांचा, शाळांचा आणि घरबांधणीच्या परवान्यांचा प्रश्न सुटला नाहीं. गांवाला पुढें चांगलें क्रीडांगण मिळालें. परंतु त्याला मोठें द्रव्यसाहाय्य कतार या अरब राज्याचें, आणि म्हणून त्याचें नांव ‘दोहा’. इस्रायलांतल्या फुटबॉलचें एक मैदान कतारच्या राजधानीच्या नांवानें ओळखलें जावें, यांतच तेथल्या परिस्थितीची गुंतागुंत दिसून येते.

जागतिक स्पर्धेचें स्वप्नहि शेवटीं साधलें नाहीं. इस्रायल दहा सामन्यांत एकहि हरलें नाहीं. चार जिंकले, सहा बरोबरींत सोडविले. गुण झाले अठरा, स्वित्झर्लंडचेहि तितकेच. परंतु गोलांच्या वजाबाकींत स्वित्झर्लंड पुढें गेलें आणि इस्रायल तिसऱ्या क्रमांकावर राहिलें. न हरतां बाहेर पडण्याची ही पाळी मोठी विलक्षण होती. २००६ सालीं साख्नीनचा संघहि पहिल्या वर्गांतून खालीं उतरला. सुआन तेव्हां तीस वर्षांचा होता. तो हैफाच्या मक्काबी या नामांकित संघांत गेला, तेथून किर्यात श्मोना या उत्तर सीमेवरील गांवच्या संघांत, आणि कारकीर्दीच्या उतरणीला पुन: आपल्या साख्नीनमध्यें. त्यानंतर राष्ट्रीय संघांत अरब खेळाडू येत राहिले, आणि कित्येक तर सुआनपेक्षां अधिक कुशल निघाले. त्यांना प्रेक्षकांच्या शिव्या चुकल्या असें नाहीं. पण राष्ट्रगीताच्या वेळीं मुकाट्यानें उभा राहणारा अरब खेळाडू पाहून देश आतां पूर्वींसारखा दचकत नाहीं. ती वहिवाट पाडणाऱ्यांत सुआनचा वांटा आहे.

२००४ सालच्या त्या चषकविजेत्या साख्नीन संघांतल्या एकाची आठवण येथें सांगितली पाहिजे. लिओर असुलिन हा त्या संघांतला ज्यू गडी. पुढच्या फळींत खेळे. ६ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याला त्रेचाळीस वर्षें पूर्ण झालीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाझांतून आलेल्या हमासच्या हल्लेखोरांनीं दक्षिण इस्रायलांतील एका संगीत-मेळाव्यावर हल्ला करून शेंकडों माणसें मारलीं, आणि त्यांत असुलिनहि मारला गेला. त्यानंतरच्या युद्धांत गाझांतील हजारों, दशसहस्रों पॅलेस्टिनी मृत्युमुखीं पडले. त्यांत कित्येक मुलें होतीं. या दोन्ही शोकांचा वारसा ज्यांच्याकडे एकाच वेळीं आला, असे लोक म्हणजे इस्रायलचे अरब नागरिक. एका बाजूस आपल्या देशांतले मृत, दुसऱ्या बाजूस आपल्या रक्ताचे मृत. एकासाठीं रडलें तर दुसरीकडून संशय, आणि दोघांसाठीं रडलें तर दोहोंकडून. ज्या साख्नीनच्या गल्ल्यांतून २००४ च्या मे महिन्यांत असुलिन आणि सुआन यांच्या नांवांचा एकत्र जयजयकार झाला, त्या गांवाला हें दु:ख कोणी समजावून सांगावयास नको होतें.

एका गोलानें युद्धें थांबत नाहींत, आणि जमिनीचे दावेहि मिटत नाहींत. खेळाकडून तेवढी अपेक्षा करणें हें खेळावरहि अन्याय करण्यासारखें आहे. सुआननेंहि तसा आव कधीं आणला नाहीं. हुर्यो उडविणाऱ्यांपुढें त्यानें पोषाख उतरविला नाहीं, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांसाठीं न पटणारें गीत म्हटलें नाहीं. मधल्या फळींतल्या माणसाचें काम त्यानें सरळपणें केलें : मागून आलेला चेंडू घेतला, अंगावर येणाऱ्यांचे धक्के सोसले, आणि तो पुढें दिला. त्या शनिवारीं मात्र पुढें देण्यास कोणी नव्हतें आणि वेळहि नव्हता. म्हणून त्यानें स्वत:च मारला.